वादळ अजून टळलेलं नाही

वादळरावांनी त्या दिवशी फोन हातात घेतला तो खरं सांगायलाच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना लबाड म्हणाल, आणि ते लबाड नव्हेत. लबाडीला जेवढी तयारी लागते तेवढी त्यांनी जन्मात कधी केली नव्हती.

वादळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हवामान कचेरीत उभी हयात वादळांच्या टेबलावर गेली, म्हणून सहकाऱ्यांनी पाडलेलं नाव. (आवाजावरून म्हणाल तर तसलं काही नव्हतं. शिपायाला हाक मारायची तर हे आधी खोकून घेत, आणि शिपाई त्या खोकल्यालाच ओ देई.) काम असं, की समुद्रात वादळ उठलं की ते आता कुठे पोचलं याचे आकडे ठरावीक वेळाने येत. वादळरावांनी नकाशावर तिथे ठिपका द्यायचा, आधीच्या ठिपक्याला पेन्सिलीने जोडायचा आणि रेघ पुढे कुठल्या गावावर जाणार ते साहेबांना सांगायचं. संगणक आले, साहेब बदलले, यांची पेन्सिल काही सुटली नाही. निवृत्त होताना कचेरी त्यांना घड्याळ देत होती, तर यांनी त्याऐवजी कोरे नकाशे मागून घेतले. आता ते घरी जेवणाच्या टेबलावर काचेखाली पसरलेले असत. टेबल चौघांचं होतं आणि जेवणारा एकच, त्यामुळे जागेची अडचण नव्हती.

बायको गेल्यापासून घरात बोलायचं कुणाशी हा प्रश्न त्यांनी रेडिओवर भागवला होता. रेडिओ बोले, हे ऐकत. एकुलती मुलगी लग्न होऊन किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, दिवसभराच्या प्रवासावरच्या गावी राहायची. तिचे आणि आईचे फोन तासन् तास चालत. त्यात वादळरावांचा वाटा एवढाच, की फोन वाजला की उचलायचा आणि "थांब, आईला देतो" म्हणायचं. बाप-लेकीत भांडण नव्हतं हो. माया दोन्हीकडून भरपूर होती, पण ती सगळी आईमार्फत जायची. आईला ती 'अगं आई' म्हणे आणि यांना 'अहो बाबा'. आई गेली आणि मधला माणूसच नाहीसा झाला. मग रविवारच्या फोनवर ती विचारायची, जेवलात का. हे सांगायचे, जेवलो. हे विचारायचे, जावईबापू बरे आहेत ना. ती सांगायची, बरे आहेत. त्यानंतर दोघंही थोडा वेळ फोन कानाला धरून एकमेकांचा श्वास ऐकत, आणि मग ती हळूच म्हणे, "ठेवू?"

फोन ठेवल्यावर घर आणखी मोठं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, रेडिओला?

अशात समुद्रात एक वादळ उठलं. हल्ली वादळांना नावं देतात. या वादळाचं नाव इतकं नाजूक होतं, की तसल्या नावाचं अत्तरसुद्धा घ्यायला माणूस कचरेल. पण होतं जबरदस्त, आणि वादळरावांनी रेघ ओढली ती थेट मुलीच्या गावावर जाऊन टेकली. त्यांनी वार न बघता फोन लावला.

आणि काय सांगावं, त्यांना बोलता आलं! वारा कुठून सुटेल, पाणी किती चढेल, हे ते घडाघडा सांगत सुटले. मुलगी विचारत होती आणि हे उत्तरं देत होते. खिडक्यांचं काय करायचं, गच्चीवरच्या टाकीचं काय, गाडी कुठे लावायची, बॅटऱ्या किती आणायच्या. मध्येच ती हसली. म्हणाली, तुम्ही साहेबांशी असंच बोलायचात का हो? हे म्हणाले, छे, साहेबांना एवढं समजायचं नाही. ती पुन्हा हसली. फोन ठेवला तेव्हा त्यांचा कान गरम झाला होता आणि गॅसवर उकडत ठेवलेल्या अंड्याच्या पातेल्यातलं पाणी संपून अंडं काळं पडलं होतं. त्यांनी ते काळं अंडं मोठ्या आनंदाने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी रेडिओने नवे आकडे सांगितले. वादळरावांनी ठिपका दिला, जोडला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वादळ वळलं होतं. किनारा सोडून ते सरळ भर समुद्राकडे निघालं होतं. मुलीचं गाव वाचलं. वादळरावांना हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि त्याच हायशा मनाने त्यांनी फोन लावला. आता खरं सांगायचं, बस्स.

पण ते तोंड उघडायच्या आतच मुलगी म्हणाली, "बरं झालं बाबा फोन केलात. मी वाटच बघत होते."

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाच्या फोनची किती तरी दिवसांत कुणी वाट बघितली नव्हती, त्याने यावर काय म्हणावं? वादळ टळलं, असं म्हटलं की ती म्हणणार 'चला, सुटलो', आणि मग जेवलात का, आणि मग ठेवू का. वादळरावांनी खोकून घेतलं.

"वादळ अजून टळलेलं नाही," ते म्हणाले.

तेवढंच. एक दिवसापुरतं. उद्या खरं सांगून टाकू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. (उद्यावर ढकललेली कामं कशी होतात हे सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं.) आणि खरी बातमी कानावर पडली की बोलताना जीभ अडखळेल, म्हणून त्यांनी रेडिओ बंद करून कपाटावर ठेवून दिला. पेन्सिलही खाली ठेवली. खऱ्या वादळाशी आता त्यांचं काही देणंघेणं उरलं नव्हतं.

पण खोट्या वादळाचं एक वाईट असतं. खरं वादळ आपणहून पुढे सरकतं, खोट्याला रोज ढकलावं लागतं. वादळरावांनी ढकललं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याचा वेग कमी केला, म्हणजे ते उशिरा पोचेल. पण वेग कमी झाला म्हणताच मुलीचा आवाज जरा सैल पडला, तेव्हा घाईघाईने वाऱ्याचा जोर वाढवला. जोर वाढवला म्हटल्यावर सूचना वाढवणं आलं. तळमजल्यावरचं सामान वर न्या म्हणाले. विहीणबाईंचं, म्हणजे मुलीच्या सासूबाईंचं, लग्नातलं शिसवी कपाट तळमजल्यावर होतं. ते जावयाने आणि दोन हमालांनी मिळून जिन्यावरून चढवलं. कपाट वर गेलं आणि जावयाची कंबर खाली राहिली. त्या कंबरेनेच तो गच्चीवर चढून पाण्याची टाकी दोरखंडाने बांधून आला, आणि तेव्हापासून त्याला जमिनीवरचं सगळं नीट दिसत होतं, वरचं काही दिसत नव्हतं.

तिकडे मुलीच्या गावी लख्ख ऊन पडलं होतं. शेजारपाजारचे लोक गच्चीवर कपडे वाळत घालत होते, आणि या एका घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आत दिवे लावून, घामाच्या धारा पुसत तिघं जण वादळाची वाट बघत बसलेली. जावई एकदा भीत भीत म्हणाला, की मोबाईलवर तर ते समुद्रात गेलेलं दिसतंय. मुलीने त्याला गप्प केलं. बाबांनी आयुष्यभर हेच काम केलंय, म्हणाली. हे तिनेच वादळरावांना फोनवर सांगितलं, आणि वादळरावांना इतकी लाज वाटली की त्यांनी वाऱ्याचा जोर आणखी थोडा वाढवला.

शेवटी विहीणबाईंनी स्वतः फोन हातात घेतला. या बाईंना वादळराव लग्नापासून बिचकून होते. बोलायला लागल्या की समोरच्याला पूर्णविराम सापडत नसे.

"अहो व्याही, बाहेर ऊन पडलंय, आणि आम्ही आत उकडून निघतोय. येणार कधी हे तुमचं?"

वादळराव म्हणाले, ही वादळापूर्वीची शांतता आहे.

"शांतता कसली मेली. समोरची बाई खिडकीत उभी राहून हसते मला."

त्या रात्री वादळरावांना झोप लागली नाही. लेकीला आपण उकाड्यात कोंडलंय, जावयाची कंबर मोडलीय, आणि सगळं कशासाठी, तर रोज कुणी तरी आपल्याशी बोलावं म्हणून. त्यांना स्वतःची शरम वाटली. सकाळी उठून त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला (फोनवर दिसत नाही हे ठाऊक असूनही) आणि सगळं कबूल करायला बसले. एवढ्यात तिचाच फोन आला. आवाज निराळा होता, लहान मुलाशी बोलावं तसा.

"बाबा, वादळ आत्ता कुठे आहे?"

घात झाला तो इथे. तिने आपणहून विचारलं म्हणजे तिला हे बोलणं हवंय, असं त्यांना वाटलं. कबुली बाजूलाच राहिली. "तुमच्या दारात," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल."

मग तिने विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे? हे म्हणाले, आमच्याकडे काय, छान आहे, जरा वारा आहे.

"आम्ही तिघं तुमच्याकडे येतोय," ती म्हणाली. "आत्ताच निघतो. तुम्ही घराबाहेर पडू नका, बाबा. काही करू नका. बसून राहा."

बसून राहतात कसले! लेक येणार होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदा घर भरणार होतं. वादळराव पिशवी घेऊन तरातरा खाली उतरले. कोपऱ्यावरच्या दुकानापुढे ही रांग. लोक मेणबत्त्या, काडेपेट्या, पाण्याच्या बाटल्या पिशव्या भरभरून नेत होते. सेल लागला असेल, असं वादळरावांना वाटलं. दुकानदाराने विचारलं, काय काका, तयारी झाली ना सगळी?

"आजच करतोय. तुला कुणी सांगितलं?"

"न सांगायला काय झालं? सकाळपासून गाडी फिरतेय."

वादळराव म्हणाले, गाडी अजून यायचीय, संध्याकाळपर्यंत पोचतील. दुकानदाराला वाटलं, म्हातारा गाव सोडून चाललाय, शहाणा आहे. त्याने बटर-बिस्किटं दिली, दूध दिलं, आणि मेणबत्त्या हव्यात का विचारलं. वादळरावांनी नको सांगितलं. पाहुण्यांपुढे मेणबत्त्या कशाला, घरात चांगले दिवे आहेत.

घरी येऊन ते कामाला भिडले. बंद घराचा वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. गाद्या, उशा, रजया ऊन दाखवायला गच्चीवर नेऊन पसरल्या. (ऊन नव्हतं, पण वारा छान सुटला होता.) झाडांच्या कुंड्या धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर ओळीने मांडल्या, मुलगी गाडीतून उतरताना तिला दिसाव्यात म्हणून. पाण्याची टाकी घासायची कधीची राहिली होती, ती पार रिकामी करून घासली आणि पालथी घातली. खाली रस्त्यावरून कुणीतरी भोंग्यावर ओरडत गेलं. भंगारवाला असेल म्हणून यांनी लक्ष दिलं नाही. समोरच्या इमारतीत लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते. रंगकाम काढलंय वाटतं, असं वादळराव मनाशी म्हणाले. ज्याच्या रेघेवरून लाखो लोक वर्षानुवर्षं वादळाची तयारी करत आले, त्या या माणसाने त्या दिवशी त्यातली झाडून सगळी कामं उलटी करून ठेवली.

संध्याकाळी गाडी आली. आधी मुलगी उतरली, मग कमरेत वाकलेला जावई, मग एक मोठी पिशवी आणि तिच्यामागे विहीणबाई. मुलीने वर पाहिलं. नेमकी तेव्हाच गच्चीवरून एक रजई उडाली, सावकाश रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडे कुणाच्या तरी मोटारीवर नीट पसरली. तिच्यामागून कठड्यावरची पहिली कुंडी खाली आली. नशीब, खाली कुणी नव्हतं.

मुलगी धावत वर आली. तिने भराभर खिडक्या लावल्या, कुंड्या आत ओढल्या, जावयाला गाद्या आणायला पिटाळलं. (तो आधीच वाकलेला होता, तेव्हा उचलणं सोपं गेलं.) मग तिने विचारलं, पाणी भरलंय का. वादळरावांनी सांगितलं, टाकी स्वच्छ घासून ठेवलीय. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. दिवे गेले ते तेव्हाच.

"बाबा, बसा इथे," ती म्हणाली. तिने त्यांचा हात हातात घेतला. "वादळ इथे येतंय. तुमच्या गावी. समुद्रात गेलं आणि कालच पुन्हा वळलं. सगळीकडे सांगताहेत."

वादळराव उठले, अंधारात चाचपडत टेबलाशी गेले. जावयाच्या मोबाईलच्या उजेडात त्यांनी काचेखालचा नकाशा पाहिला. शेवटच्या ठिपक्यापासून समुद्रात, आणि समुद्रातून पुन्हा वर. डोळ्यांनीच रेघ ओढली तरी ती येऊन टेकत होती ती ह्याच टेबलावर. बाहेर वारा दार खडखडवत होता.

"तुम्हाला फोनवर सांगितलं असतं तर एकटे घाबरून गेला असता," मुलगी म्हणत होती. "काल ही बातमी ऐकली तेव्हा कळलं, की तुम्हाला दिशा समजेनाशा झाल्यात. माझंच चुकलं, माझं लक्ष नव्हतं. वादळ गेलं की आपण चांगल्या डॉक्टरांना दाखवू. तुम्ही आता आमच्याकडेच राहा."

आता बघा, कसा पेच होता. गप्प बसलं तर लेक जन्मभर जवळ ठेवून घेणार होती, फक्त वेडा समजून. आणि खरं बोललं तर डोकं शाबूत ठरणार होतं, पण माणूस खोटारडा. वादळराव तिच्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिले. ती रडत होती, आणि तेही न झालेल्या आजारासाठी. ते त्यांना पाहवेना. ते खोकले.

"मला सगळं समजत होतं," ते म्हणाले. "वादळ वळलं ते मला त्याच दिवशी कळलं. तू म्हणालीस, वाट बघत होते. टळलं म्हटलं असतं तर तू फोन ठेवला असतास. मला... मला दुसरं काही बोलता येत नाही गं तुझ्याशी. आई होती तोवर चाललं. आता इथे दिवस दिवस कुणी बोलत नाही."

मुलीने त्यांचा हात सोडला नाही. वारा बाहेर इतका घोंघावत होता की तिचं रडणं थांबलं की वाढलं ते कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळाने तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. हललो तर ती उठेल, म्हणून वादळराव ताठ बसून राहिले.

"म्हणजे," अंधारातून विहीणबाईंचा आवाज आला, "माझं कपाट उगाच वर चढवलं?"

वादळ आलं, गर्जलं, रात्रभर कौलं-पत्रे उडवून पहाटे निघून गेलं. चौघं जण एका खोलीत, एका गादीवर (बाकीच्या भिजल्या होत्या) बटर-बिस्किटं खात बसली होती. वादळरावांनी विहीणबाईंची माफी मागितली. त्यांनी माफ केलं, पण करताना जे बोलल्या ते वादळ थांबल्यावरही चालूच होतं. सकाळी खालून पाणी आणून मुलीने सगळ्यांना चहा केला. टेबलाच्या चारही खुर्च्या भरल्या होत्या आणि नकाशावर चहाचे डाग पडले. वादळरावांनी ते पुसले नाहीत.

दोन दिवसांनी ती मंडळी परत गेली. वादळराव त्यांच्याबरोबर गेले नाहीत. जायची इच्छा नव्हती असं नाही, पण डॉक्टरांची गरज संपली तशी ती राहायला येण्याची गोष्टही कुणी पुन्हा काढली नाही, आणि आपणहून काढायला त्यांना संकोच वाटला. निघताना मुलगी म्हणाली, बाबा, काही कारण नसलं तरी फोन करत जा. करीन म्हणाले. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ते वर आले, चार कप विसळून ठेवले आणि खुर्चीत बसून राहिले. कारण नसताना फोन कसा करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्यांनी झडप घालून उचलला. विहीणबाई होत्या. मुलगी कामावर गेली होती, जावई कंबर शेकत होता, आणि बाईंना घरात बोलायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही त्याच. चौथ्या दिवशीही त्याच. आता तर रोजचा नेम झालाय. मुलीचा फोन रविवारी येतो, पूर्वीपेक्षा थोडा लांबतो, खोटं कशाला सांगू. पण रोजचा फोन विहीणबाईंचा. त्या वादळरावांना हवामान विचारत नाहीत. विचारणार कशा, एवढं सगळं झाल्यावर? त्या टीव्हीवर अंदाज बघतात आणि यांना सांगतात, "व्याही, तुमच्याकडे आज पाऊस आहे, बाहेर पडलात तर छत्री घ्या."

वादळराव बरं म्हणतात. त्यांना बाहेर कुठेच जायचं नसतं. तरी ते छत्री घेतात, खाली उतरतात, लख्ख उन्हात ती उघडून इमारतीभोवती एक चक्कर मारतात आणि परत येतात. उद्या बाईंनी विचारलं, छत्री घेतली होतीत ना, तर खोटं बोलायला नको.